टोपली

कोलारेशमध्ये द्राक्षवेल लावायची
तर आधी माणूस पुरावा लागतो,
असं माझे वडील बेलार्मिनू म्हणायचे
आणि हसायचे, समोरचा हसो न हसो.

वरची वाळू तशी कुणाचीच नव्हे.
समुद्राने आणून टाकलेली, वाऱ्याने रोज हलवलेली.
चिकणमाती खाली, दोन पुरुष,
कुठे कुठे तीन पुरुष खोल.
तिथवर चर खणायचा, तळाशी काडी रोवायची,
ती वर चढेल तसतशी
वाळू मागे लोटायची, थोडी थोडी, कित्येक वर्षं.
चरात उतरणारा डोक्यावर टोपली पालथी घालायचा,
वाळुंजाच्या फोकांची, हनुवटीपर्यंत येणारी.
कडा ढासळली तर
नाकापुढे ओंजळभर हवा उरावी म्हणून.

कुश्तोदियूकाका एकदा पुरले गेले.
एकावन्न सालचा मार्च, मी जन्मले नव्हते.
चौघांनी हातांनीच उकरलं;
फावडं कसं मारणार, डोकं कुठे आहे कुणाला माहीत?
बाहेर आल्यावर ते पहिलं काय बोलले
यावर आमच्या घरात दोन मतं.
आई सांगायची, पाणी मागितलं.
वडील सांगायचे, विचारलं, 'काडी मोडली का रे?'
मी दुसरं धरून चालते.
खरं बहुधा पहिलं असेल.

त्याच्याही आधी, पणजोबांच्या काळात,
उवेएवढी एक कीड अख्ख्या युरोपच्या मुळ्या खाऊन गेली.
मग सगळ्यांनी अमेरिकेहून मुळ्या आणल्या,
त्यांवर आपापली नावं कलम केली.
वाळूत त्या किडीला बीळ करता येईना.
म्हणून आमची रामिश्कू अजून
स्वतःच्या पायांवर उभी आहे.
उभी म्हणजे, जन्मभर आडवीच.
वाऱ्यापुढे मान वर काढत नाही,
ऑगस्टमध्ये घड तापल्या वाळूवर भाजू नयेत म्हणून
आम्हीच तिला बोरूचे टेकू देतो,
म्हाताऱ्या माणसाच्या पाठीशी उशी लावावी तसे.

तिची वाइन पहिली काही वर्षं
जिभेला मिठी घालते, सोडत नाही.
दहा वर्षं थांबा, आम्ही म्हणतो.
परवा लिस्बनहून आलेला, पांढऱ्या बुटांचा,
म्हणाला, दहा वर्षांत माझी दोन लग्नं झाली, बाई.
एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
बाटलीचा फोटो काढला आणि सहा बाटल्या घेऊन गेला.

शेजारच्या ज़ेफेरिनूने जमीन विकली.
तिथे आता पोहण्याचा तलाव होतोय,
समुद्रापासून चारशे पावलांवर.
यंत्राने एका सकाळी इतकं खणलं
जितकं काका आणि चौघे मिळून एका हिवाळ्यात खणत.
मी कुंपणापाशी गेले.
कापलेल्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक मूळ दिसत होतं,
मनगटाएवढं, काळं,
खाली चिकणमातीत शिरलेलं.
ते त्याच्या वेलीचं की माझ्या, सांगता येईना.
वाळूखाली आम्ही बांध घातलेच नव्हते.

यंदा तोडणीला तिलक आहे, नेपाळच्या डोंगरातला.
आमची मुलं लिस्बनला, काही लक्झेंबर्गला.
कोठारात पिंप पुसताना त्याला ती टोपली सापडली.
तळ फाटलेला, फोक सुटलेले.
हे कशाला, त्याने विचारलं.
माझं इंग्रजी तोडकं, त्याचं पोर्तुगीज तीन महिन्यांचं.
मी हाताने खड्डा दाखवला, वाळू दाखवली,
गळा दाबून दाखवला.
तो हसला नाही.
टोपली उचलून त्याने डोक्यावर पालथी घातली
आणि तसाच उभा राहिला, बराच वेळ,
विणीतून त्याचा श्वास ऐकू येत होता.

मग आतूनच म्हणाला,
उद्या कुठून खणायचं?

मी अजून काही ठरवलेलं नव्हतं.
बांधकामवाल्यांचं पत्र टेबलावर होतं, न फोडलेलं.
मी म्हटलं, आधी हिचा तळ विणून घेऊ.